शेवटच्या पिल्लाची पळवापळवी

पिल्लाला अंघोळ घालायची काहीएक गरज नव्हती. पण भाच्याने घातली. कोमट पाण्याने, आईच्या गुलाबी साबणाने, कानामागे बोट फिरवून, अगदी साग्रसंगीत. मग टॉवेलात गुंडाळून फोटो काढला, खाली 'घरात नवा पाहुणा' असं लिहिलं आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवून दिला. भराभर बदाम आले. कुणीतरी 'देवमाणूस' म्हणालं. आजवर या भाच्याला कुणी धड माणूससुद्धा म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द त्याने पुन्हा पुन्हा वाचला. त्या नादात फोटो मावशीलाही गेलाय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

फोन वाजला.

"कुठून उचललंस?"

"मावशी, आधी त्याचं नाव काय ठेवलंय ते तरी–"

"कुठून उचललंस ते विचारतेय!"

"अगं, कुत्र्याचं पिल्लू आहे. कुरियरचं पाकीट द्यायला पाइपांच्या डेपोत गेलो होतो, तिथे एका पाइपात एकटंच पडलं होतं, म्हणून–"

"ते कोल्ह्याचं आहे, गाढवा!"

भाच्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला. तरी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातून त्याच्या आईनेही ऐकलं आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"पुसून कोरडं कर. कापडात गुंडाळ. आत्ताच्या आत्ता इकडे घेऊन ये. आणि वाटेत कुणाला दाखवत बसलास, तर तंगडं मोडून हातात देईन."

फोन ठेवल्यावर भाच्याने पिल्लाकडे पुन्हा बघितलं. चॉकलेटी लोकर, निळसर डोळे, चपटं नाक. कोल्हा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर जे लांब तोंड येत होतं, ते त्यात कुठेच नव्हतं. पण मावशी सांगते म्हणजे असणार. या बाबतीत मावशीशी वाद घालायचा म्हणजे चालत्या पंख्यात बोट घालायचं.

मावशीला सगळं गाव मागून 'सुरुंग' म्हणतं. समोर म्हणायची कुणाची छाती नाही. बसच्या आणि ट्रकच्या सीटा शिवायचा तिचा धंदा. बापाने सुरू केलेली शेड, बापाचीच जाडजूड मशीन, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे, पायाखाली फोमचे तुकडे आणि सगळ्यावर चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास. लग्न केलं नाही. स्थळं बरीच आली होती, पण आलेल्या प्रत्येक स्थळाशी ती भांडली, आणि तिच्या मते त्यातल्या प्रत्येक भांडणात तिचंच बरोबर होतं.

पिल्लांचं प्रकरण सुरू झालं ते एका बसच्या सीटमुळे. एक जुनी बस तिच्या दारातल्या झाडाखाली कित्येक दिवस नुसती उभी होती. शेवटी मालकाला जाग आली आणि सीटा बदलायचं ठरलं. मागच्या बाकाचं रेक्झिन मावशीने उसवलं, तर आत काथ्याच्या घरट्यात खारीची पिल्लं. बोटाएवढी, डोळेसुद्धा न उघडलेली. ड्रायव्हर म्हणाला, झटकून टाका. कंडक्टर म्हणाला, दूध पाजा. माणसाच्या जातीत हे दोनच पंथ आहेत, असं मावशी त्या दिवसापासून म्हणते: एक मारून टाकतो, दुसरा लाड करून मारतो.

तिने दोन्ही केलं नाही. उसवलेलं बाक जसंच्या तसं झाडाखाली नेऊन ठेवलं, सगळ्यांना आत पिटाळलं आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने खार खाली उतरली, एकेक पिल्लू तोंडात धरून वर घेऊन गेली. तोवर बस अडकून पडली, ड्रायव्हरने थयथयाट केला, मालकाचा फोन आला. मालकाला मावशीने जे काही ऐकवलं, त्यानंतर तो आजतागायत सीटा दुसरीकडून शिवून घेतो.

यातून तिचा एक नियम झाला. पिल्लू दिसलं की आधी त्याची आई कुठे आहे ते बघायचं. होतं तिथे ठेवायचं आणि आपण तिथून तोंड काळं करायचं.

गावाला मात्र हे बरोबर उलटं कळलं. 'मावशी पिल्लं सांभाळते', एवढंच कळलं. मग लोक येऊ लागले. टोपीतून, डब्यातून, चपलांच्या खोक्यातून. ज्यांना खरंच कुणी नाही अशी पिल्लं त्यात असायची, नाही असं नाही. कुत्र्याने धरलेली, तारेत अडकलेली. त्यांना ती मागच्या खोलीत बल्बच्या उबेला ठेवायची आणि जनावरांच्या डॉक्टरला दमदाटी करून बोलावून घ्यायची. पण बाकीची सगळी चोरीची. उडायला शिकणारी, आईची वाट बघत गवतात गप्प बसलेली, चांगली धडधाकट. उचलणारे मोठ्या मनाने उचलायचे, मावशीच्या हातात द्यायचे, सोबत फोटो काढायचे आणि पुण्य खिशात टाकून निघून जायचे. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे. या लोकांना सकाळी चहा कुठे प्यायला ते आठवायचं, सोबत कोण होतं ते आठवायचं, पण पिल्लू कोणत्या झुडपाखालून उचललं ते मात्र आठवायचं नाही. "तुझं पोर कुणी बागेतून उचलून नेलं आणि पत्ता विसरला, तर चालेल का रे?" असं ती भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारायची. लोक हसायचे. ज्याला विचारलं तो सोडून.

भाचाही पुष्कळदा हसला होता. आज त्याची पाळी होती.

दुचाकीवर मागे त्याची आई पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. ती मावशीची थोरली बहीण, तिची ताई, आणि स्वभावाने अगदी दुसरं टोक. मुंगी मेली तरी हळहळणारी. शेडमध्ये शिरताच मावशीने पिल्लू तिच्या हातातून काढून घेतलं, नाकाशी नेलं आणि डोळे वटारले.

"हा कसला वास?"

"साबणाचा," भाचा म्हणाला. "गुलाब."

"का? लग्न होतं त्याचं?"

"धुळीने भरलं होतं गं."

"जमिनीत जन्मलेलं पोर धुळीने भरणार नाही तर काय, पावडरीने? लागतंय बघ कसं गार! थरथरतंय ते थंडीने, आणि तुम्हाला वाटलं आनंदाने!"

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. एक खोकं, खोक्यात गरम पाण्याची बाटली, बाटलीवर जुना मोजा, त्याला बिलगून पिल्लू, वर फोमची पट्टी. हात इतके हळू आणि तोंड इतकं तिखट, हे दोन्ही एकाच बाईचं आहे असं वाटू नये.

"भुकेलं असेल म्हणून मी थोडं दूध पाजलं," ताई हळूच म्हणाली. "चमच्याने."

मावशीचे हात थांबले. "गाईचं?"

"मग कुणाचं पाजणार?"

"ताई, गारठलेल्या पिल्लाला खायला घालत नाहीत! पचत नाही त्याला! आणि गाईचं दूध तर ऊब आल्यावरसुद्धा नाही. छातीत गेलं असतं म्हणजे?"

"मला नको शिकवूस. मी आई आहे, मला कळतं."

"आहेस ना. ह्याची." मावशीने भाच्याकडे बोट केलं. "काय घडवलंस ते दिसतंय समोर."

ताईचे डोळे भरून आले. भाच्याला राग आला. मावशीचं बरोबर होतं म्हणूनच तो जास्त आला. "बास की, मावशी! चांगल्या मनानेच केलं ना आम्ही?"

"चांगलं मन! तेच तर घेऊन येतात सगळे माझ्या दारात. कुणीतरी वाईट मनाने सरळ निघून जा की रे एकदा!"

ताईने डोळे पुसले. "पण आता काय करणार? माणसाचा हात लागला की आई परत घेत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं? माणूसच म्हणतो ना? उचलून आणलेलं परत द्यायला नको म्हणून काढलेली अफवा आहे ती! कुठली आई वासावरून पोर टाकते? तुझा लेक लहानपणी उकिरड्यात लोळून यायचा, टाकलास का? टाकायला हवा होतास, तो भाग वेगळा."

मग ती स्टुलावर बसली आणि भाच्याची उलटतपासणी सुरू झाली. पिल्लू एकटंच होतं? एकटंच. आसपास दुसरी पिल्लं? नव्हती. पाइपात आणखी काय होतं? भाच्याने आठवून सांगितलं: पिसं होती, एक चघळलेलं हाड होतं, आणि धुळीत बारीक पावलं. पुष्कळ पावलं.

मावशीने आवाज खाली आणला. तिच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नसतं.

"बिऱ्हाड हलवत होती ती," मावशी म्हणाली. "धोका वाटला की कोल्ही पिल्लं दुसरीकडे नेते. तोंडात धरून, एका वेळी एक. बाकीची पोचवून झाली, हे शेवटचं राहिलं होतं. त्याचा फक्त नंबर यायचा होता. ती परत आली असेल आणि पाइपात बघितलं असेल. पाइप रिकामा. आणि तू घरी कानामागे साबण लावतोयस."

देवमाणसाने मान खाली घातली.

"अजून वेळ गेलेली नाही. आज अंधार पडायच्या सुमाराला ती पुन्हा शोधायला येईल. उद्या येईल का, सांगता येत नाही. ऊठ. कोणता पाइप होता?"

भाच्याने डोळे मिटून नीट आठवून पाहिलं.

"गोल होता," तो म्हणाला.

मावशीने त्याला मारलं नाही, याचं कारण एवढंच की तिच्या हातात पिल्लाचं खोकं होतं.

ताईला शेडमध्ये ठेवून दोघं निघाले. डेपोच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत पाइपांच्या थप्प्याच थप्प्या, प्रत्येक थप्पीला कितीतरी तोंडं, सगळी एकसारखी. फाटकाशी लोखंडी खुर्चीवर वॉचमन बसला होता. त्याला डेपोत सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण तो बोलण्याआधी शिट्टी फुंकतो. मावशीला बघून त्याने ती जरा जास्तच लांब फुंकली.

"बाई, बाहेरच्या माणसांना आत मनाई आहे."

"कोल्हीचं पिल्लू आहे. परत ठेवायचंय."

"असेल की. पण आम्ही पडलो पोरं पळवणारी टोळी. आमच्या दारात कशाला आलात?"

हे शब्द भाच्याला ओळखीचे वाटले. मग आठवलं. मागे हाच वॉचमन आपल्या टोपीत घुबडाचं पिल्लू घेऊन शेडमध्ये आला होता. बस दुरुस्तीची माणसं भोवती बसलेली होती. मावशीने त्याला एक शब्द बोलू दिला नव्हता. 'पोरं पळवणारी टोळी' म्हणाली होती, 'होतं तिथे ठेव आणि तोंड काळं कर' म्हणाली होती, आणि सगळे पोट धरून हसले होते. भाचा तर सगळ्यात मोठ्याने.

"ते घुबडाचं मनात धरून बसलायस होय!" मावशी उसळली. "चुकीचं काय बोलले मी? उडायला शिकणारं पिल्लू उचलून–"

वॉचमनने पुन्हा शिट्टी वाजवली. अगदी तिच्या तोंडावर.

"आज माझं ऐकायचं. त्याची आई ट्रकवर आपटून मेली होती. ह्या हातांनी मी तिला रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवलं. बापाची दोन दिवस वाट बघितली, मग पिल्लू घेऊन तुमच्याकडे आलो. कुठून उचललं, कधी उचललं, सगळं पाठ करून आलो होतो, तुम्ही विचारता म्हणून. पण तोंड उघडलं तर तुमचा पट्टा सुटलेला. एवढी माणसं हसत होती. मला वाटलं, बाईला कळतंय, आपलंच चुकलं असेल. नेऊन ठेवलं परत होतं तिथे, भिंतीवर. ड्यूटी संपली की समोर बसून राहायचो, कुणी येतंय का बघत." त्याने मान फिरवली. "मुंग्या आल्या, बाई. दुसरं कुणी आलं नाही."

मावशीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मग मला परत येऊन का नाही सांगितलंस?" ती ओरडली. पण तिच्या ओरडण्यात नेहमीचा दम नव्हता.

"परत? तुमच्या दारात?"

भाचा दुचाकीवरून उतरला. "काका, तेव्हा मी हसलो होतो. चुकलं माझं."

"बरं," वॉचमन म्हणाला. "तुझं मिटलं." मग तो मावशीकडे वळला. "आता तुमचं. माफी मागा, आणि जा आत."

मावशीने तोंड उघडलं. भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा असं बघितलं की मावशीचं तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. शिव्या किती तोंडपाठ होत्या तिला! हा एक शब्द तेवढा कुठे ठेवलाय ते सापडेना.

"आधी पिल्लू," ती शेवटी म्हणाली.

"आधी माफी."

"अरे, अंधार पडेल! ती येऊन जाईल!"

"एका शब्दाला किती वेळ लागतो?"

खोक्यातून 'कुंई' असा बारीक आवाज आला. वॉचमनने खोक्याकडे बघितलं. जमिनीवर थुंकला. मग एक सणसणीत शिवी हासडून, ती नक्की कुणाला ते कळू न देता, त्याने फाटकाची कडी काढली.

"त्याच्या जिवावर मी सौदा करणार नाही. पण उधारी राहिली, बाई. लक्षात ठेवा."

कोणता पाइप, ते त्याला विचारावंच लागलं नाही. सकाळपासून तो कोल्हीची ये-जा बघत होता. चुन्याची खूण केलेली थप्पी क्रेनने उचलायची होती. क्रेनवाल्याला त्याने कागद आले नाहीत अशी थाप मारून चहाला बसवून ठेवलं, ते केवळ तिची पिल्लं कुंपणापलीकडच्या ओढ्यात हलेपर्यंत.

"सगळी गेली, एक राहिलं होतं," तो म्हणाला. "मी पाकिटावर सही करायला आत ऑफिसात गेलो, तेवढ्यात हा देवमाणूस उरकून गेला. थप्पी उद्या सकाळी हलणारच आहे. आता मलाही थांबवता यायचं नाही."

देवमाणूस हा शब्द याच्यापर्यंत कसा पोचला, हे विचारायचं धाडस भाच्याला झालं नाही.

मावशीने खोकं पाइपाच्या तोंडाशी ठेवलं, मोज्यातली बाटली चाचपून पाहिली आणि तिघं वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बसले. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. भाच्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, तशी मावशीने त्याचं मनगट असं आवळलं की बोटं उमटली.

पिल्लू रडत होतं. उजेड राखाडी होत गेला. मग थप्पीच्या कडेला काहीतरी हललं आणि कोल्ही दिसली. अंगाने अगदी वाळलेली, पोटाशी केस गळलेली, कान सतत फिरत असलेले. ती खोक्यापर्यंत आली, आत नाक घातलं आणि झटक्यात मागे सरकली. जोरात शिंकली. वळली, आणि थप्पीमागे दिसेनाशी झाली.

"गुलाब," वॉचमन पुटपुटला.

भाचा उठायला लागला. जाऊन पिल्लाला माती फासावी, निदान खोकं तरी पुढे सरकवावं, काहीतरी करावं. मावशीने त्याची कॉलर धरून खाली बसवलं. "आज पुरेसं केलंयस तू," ती दातांतून म्हणाली. पण कॉलर तिने सोडली नाही. वासाचं ती शेडमध्ये एवढ्या ठासून बोलली होती. आता तिची स्वतःची खात्री किती उरली होती कोण जाणे. घुबडाच्या वेळीही तिला खात्री होतीच.

पिल्लू आणखी मोठ्याने रडलं. कोल्ही दुसऱ्या बाजूने आली. या वेळी तिने वास घेत वेळ घालवला नाही. पुढचे पाय खोक्यात टाकले, मानेला धरून पिल्लू उचललं आणि जी पळाली ती कुंपणाच्या फटीतून सरळ ओढ्यात. फोमची पट्टी तेवढी खोक्याबाहेर पडली.

तिघांनीही श्वास सोडला. कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. मावशी उठली, बाहेर जाऊन खोकं उचलून आणलं, पट्टी झटकली. वॉचमन फाटकाशी उभा होता. त्याने हातही पुढे केला नाही, शिट्टीही वाजवली नाही. नुसता उभा राहिला.

मावशी त्याच्यासमोर थांबली. खालीवर बघितलं. मग त्याच्या लोखंडी खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्यावर कसा बसतोस रे दिवसभर? गादी पाठवते."

"गादी नको मला, बाई."

"पाठवते म्हटलं ना!" असं खेकसून ती दुचाकीवर जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर तिने क्रेनवाल्याला धुतलं, साबणाच्या कंपनीला धुतलं, फोटोला बदाम देणाऱ्यांना एकेक करून धुतलं. भाचा ऐकत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी, एकच शब्द होता."

"पुढे बघून चालव."

गादी तिने खरंच शिवली. आपल्याकडचा सगळ्यात चांगला फोम घातला, दुहेरी शिवण मारली, कडेला गोट लावला. एवढ्या निगुतीने शिवलेली गादी तिने कुठल्या बसमालकालाही दिली नसेल. भाच्याच्या हाती डेपोत पाठवली. आठवड्याने भाचा पाकीट द्यायला पुन्हा तिकडे गेला, तर गादी केबिनच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये, जशीच्या तशी. वॉचमन त्याच लोखंडी खुर्चीवर बसलेला.

"बसत का नाही म्हणे तो?" मावशीने मशीनवरून मान न उचलता विचारलं. "टोचते का कुठे?"

"म्हणाला, सांग तुझ्या मावशीला, गादी पोचली. दुसरं यायचंय."

मावशीने पायडल इतक्या जोरात दाबलं की सुई मोडली. मोडलेली सुई काढली, नवी घातली, दोरा ओवताना दोनदा चुकली.

"जाईन," ती म्हणाली. "माझे काय पाय मोडलेत?"

पाय तिचे ठणठणीत आहेत. रोज बाजारात जाते, बँकेत जाते, परवा तर जनावरांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन भांडून आली. डेपोकडे मात्र अजून गेलेली नाही.